दोन मिनिटं अधांतरी

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हेलिकॉप्टर रोडपालीच्या मोकळ्या प्लॉटवर आडवं पडलं. पडण्याआधी त्याने उजवीकडे अडीच गिरक्या घेतल्या. आत एकच माणूस होता, गुरुदत्त कर्णिक, वय अठ्ठावन्न. तो खांदा कॉलनीतल्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेला असल्यामुळे त्याला काही झालं नाही. पडद्यावर धूर आला, काचेला तडे गेले आणि एक चौकट उघडून 'पुन्हा सुरू करायचं का' म्हणून विचारू लागली.

गुरुदत्तने तिला उत्तर दिलं नाही. त्याने टेबलावरचं पिवळं कार्ड ओढलं, एकोणीस आकड्यासमोर वेळ लिहिली आणि शेरा मारला : अडतीस सेकंद, उजवीकडे फिरलं. खाली सही केली. वरच्या अठरा ओळींपैकी तेरा ओळींत हाच शेरा होता. फक्त सेकंद बदलत होते, आणि तेही फारसे नाहीत.

कार्ड कर्णिक मोटार ट्रेनिंग स्कूलचं होतं. गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाचं असं एक कार्ड निघे. एकवीस ओळी, एकवीस दिवस, रोज अर्धा तास, समोर शिकवणाऱ्याची सही. एकतीस वर्षं गुरुदत्त काउंटरवर एकच वाक्य सांगत आला होता : एकविसाव्या दिवशी गाडी आली नाही, तर चूक तुमची नाही, माझी. पनवेलच्या निम्म्या डॉक्टरांनी, शिक्षिकांनी आणि दुकानदारांनी हे वाक्य ऐकलेलं होतं. या महिन्यात त्याने स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं. वाहनाच्या रकान्यात 'हेलिकॉप्टर' लिहिलं. शिकवणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी ठेवली.

अट त्याने स्वतःच घातली होती आणि रमाला, म्हणजे बायकोला, सांगून ठेवली होती. एकवीस दिवसांच्या आत हेलिकॉप्टर जमिनीपासून दहा फुटांवर, पिवळ्या वर्तुळाच्या आत, सलग दोन मिनिटं एका जागी धरायचं. ते जमलं, तर शुक्रवारी अकरा वाजता न्यूरोच्या डॉक्टरांपुढे ताठ मानेने सांगायचं की पाय पूर्वीसारखा झाला आहे, मला माझ्या सीटवर बसू द्या.

ती सीट म्हणजे ड्रायव्हरची नव्हे, ड्रायव्हरच्या डावीकडची. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत तिथे दोन जादा पेडल असतात, डाव्या पायाला क्लच आणि उजव्याला ब्रेक. शिकवणं म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं हे दोन पाय. शेजारचा माणूस घाबरला की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय देतो. तेव्हा नुसता ब्रेक पुरत नाही, क्लचही त्याच क्षणी तोडावा लागतो. गेल्या सप्टेंबरात, रोडपालीच्याच रस्त्यावर, बँकेतल्या एक बाई अशाच घाबरल्या. गुरुदत्तचा उजवा पाय खाली गेला. डावा गेला नाही. गाडी दुभाजकाला घासत बारा फूट गेली आणि बंद पडली. बाईंना खरचटलंसुद्धा नाही. गुरुदत्त मात्र गाडीतून उतरायला गेला तेव्हा त्याला कळलं की डावा पाय उतरत नाहीये.

मेंदूत बारीकशी गुठळी, असं निदान झालं. चार दिवस रुग्णालय, मग तीन महिने व्यायाम. आता तो तीन जिने न थांबता चढत होता, भाजी आणत होता, सकाळी कॉलनीला दोन फेऱ्या मारत होता. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. त्यालाही काही कळत नव्हतं, आणि सगळी चिडचिड तिथूनच होती.

हेलिकॉप्टर घरात आणलं मुलाने, स्वानंदने. तो नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा हा खेळाचा सगळा संसार मागच्या खोलीत राहिला होता : मोठा पडदा, खुर्ची, दोन दांड्या आणि जमिनीवर स्क्रूने बसवलेली पेडल. फेब्रुवारीत घरी आल्यावर त्याला वडील खिडकीशी उभे राहून खालच्या गाड्यांचे गिअर कुठे चुकतात ते मोजताना दिसले. त्याने आधी मोटार चालवायचा खेळ लावून दिला. तो गुरुदत्तने दहा मिनिटांत बंद करायला लावला. धडकलं तरी गाडी पळतेच, हे शिकायला त्याला कॉम्प्युटर नको होता. मग स्वानंदने हेलिकॉप्टर लावलं आणि म्हणाला, बाबा, यात दोन्ही पाय सतत लागतात.

खरंच लागत होते. डाव्या हाताची दांडी वर घेतली की हेलिकॉप्टर वर जाई. गुडघ्यांमधली दांडी जिकडे कलवावी तिकडे ते सरके. आणि पायांनी त्याचं तोंड फिरे. वर उचललं की ते आपसूक उजवीकडे वळू बघे, आणि त्याला सरळ धरायचं तर डावं पेडल हळूहळू दाबत जावं लागे. डावा पाय. गुरुदत्तला हे पहिल्याच दिवशी समजलं होतं.

एका जागी अधांतरी थांबणं म्हणजे काय, हेही त्याला लगेच समजलं. चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची, पुढे नाही, मागे नाही. दुसरं काही नाही. पनवेलच्या पुलाच्या चढावर त्याने ते इतक्या जणांना शिकवलं होतं की झोपेतही शिकवलं असतं. समजण्यात काहीच अडचण नव्हती. जमत नव्हतं. दहाव्या, विसाव्या, कधी चाळिसाव्या सेकंदाला हेलिकॉप्टर जरा हाले, तो दचके आणि ते उजवीकडे फिरत सुटे.

मंगळवारी शेरा लिहून झाल्यावर रमा चहा घेऊन दारात आली. ती शाळेत गणित शिकवते आणि सव्वाआठला निघते. तिने पडद्यावरचा धूर बघितला आणि आज कोण गेलं, असं विचारलं.

"थट्टा नको," गुरुदत्त म्हणाला.

"थट्टा नाही. दोन आठवडे बघतेय. तुम्ही दचकलात की दोन्ही पाय एकदम दाबता."

"काहीतरीच."

"मला नका सांगू. लग्नानंतर तुमच्या शेजारी चार दिवस गाडी शिकले आहे. त्या चार दिवसांत मी गाडी चालवलीच नाही. तुम्हीच चालवलीत, डावीकडून."

पाचव्या दिवशी ती शिकायला गेली नव्हती आणि पुढे कधीच गेली नाही. स्कूलच्या सगळ्या इतिहासात एकवीस ओळी न भरलेली कार्डं मोजकी होती. त्यातलं एक मालकाच्या घरात होतं.

पण तिचं म्हणणं त्याच्या डोक्यात बसलं. हेलिकॉप्टरची पेडल मोटारीसारखी सुटी नसतात. ती एकमेकांना जोडलेली असतात, एक पुढे गेलं की दुसरं मागे येतं. दोन्ही एकदम दाबली तर ज्या पायात जोर जास्त तो जिंकणार. एकतीस वर्षं ब्रेक मारणारा उजवा पाय जिंकला तर त्यात नवल काय? म्हणजे ही सवय झाली. सवय मोडता येते. हात सोडून बोलणारे, आरसा न बघणारे, स्कूटरवरून आलेले आणि ब्रेकसाठी बोटं चाळवणारे, सगळ्यांच्या सवयी त्याने मोडल्या होत्या. सवय असेल तर तो शुक्रवारी डॉक्टरांना काहीही न लपवता हो म्हणू शकत होता.

सवय नसेल तर काय, हा प्रश्न त्याने चहाबरोबर गिळला. पडद्याच्या कोपऱ्यात पेडल दाखवणारी एक पट्टी होती, पण ती फक्त निकाल दाखवायची. कोणत्या पायाने किती दाबलं, हे तिला सांगता येत नव्हतं. त्याने स्वानंदला फोन करून विचारलं. स्वानंद म्हणाला, पेडल एकच समजा बाबा, दोन बाजूंचं. गुरुदत्तने धन्यवादही न म्हणता फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तुळशीराम आला. तुळशीराम चौदा वर्षं स्कूलमध्ये शिकवत होता. सहा महिने तो एकटाच होता, दिवसाला अकरा जण. दुसरी गाडी खाली कव्हर घालून उभी होती. तो उलव्याकडचा. त्याचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि आता तो नव्या वसाहतीतल्या घरात राहत होता. बसल्यावर त्याने आधी रमाच्या शाळेची चौकशी केली, मग उन्हाची, आणि मग चप्पल काढलेल्या पायांकडे बघत मुद्द्यावर आला. विमानतळावर कामगारांच्या बसगाड्या चालवायचं काम एका कंत्राटदाराने देऊ केलं होतं. पक्की ड्युटी, आठवड्याची सुट्टी.

"शनवारपर्यंत हो का नाय सांगाचा हाय, सर. तुमी येनार आसाल त मी कुठं जात नाय. तुमी येनार नसाल त येकट्यानं आता होत नाय माज्यानं."

"शुक्रवारी डॉक्टरकडे जातोय."

"ता म्हाईत हाय. पन तुमाला काय वाटतंय?"

गुरुदत्तने त्याला मागच्या खोलीत नेलं. पडद्यावरचं पनवेल जुन्या उपग्रह-छायाचित्रांवरून उभं केलेलं होतं. रोडपालीचे रस्ते रिकामे होते, कर्नाळ्याचा सुळका गुळाच्या ढेपेसारखा दिसत होता, आणि उलव्याच्या बाजूला विमानतळ नव्हताच. हेलिकॉप्टर वर नेऊन त्याने तिकडे तोंड फिरवलं तेव्हा तुळशीराम पुढे वाकला. झाडं, खाडीचा वळसा आणि पत्र्यांची दाटी त्याने बोटाने दाखवली आणि ता आमचा गाव, एवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं की मी बसू का.

त्याला खुर्ची देताना गुरुदत्तला बरं वाटलं. शिकवायला कुणीतरी मिळालं होतं. त्याने दोन्ही दांड्या समजावल्या, पेडल समजावली, हाफ क्लच म्हणाला. तुळशीरामने मान हलवली आणि हेलिकॉप्टर रोडपालीच्या प्लॉटवरून दहा फूट उचललं. ते म्हशीसारखं डोलत राहिलं.

"आयला, याला ब्रेकच नाय. थांबवाचा कसा?"

"थांबवायचं नसतं. धरायचं असतं."

तुळशीरामने ते एकोणपन्नास सेकंद धरलं. मग ते एका बाजूला कललं, तो दचकला, आणि त्याचे दोन्ही पाय एकदम, अगदी सोबत, खाली गेले. गुरुदत्त पायांकडेच बघत होता. रमाही दारातून पायांकडेच बघत होती. हेलिकॉप्टर उजवीकडे फिरलं नाही. ते जरासं डावीकडे वळलं, सरळ खाली बसलं आणि मोडलं.

तुळशीराम हसला. रमा हसली नाही. तीच नोकरी, तीच दोन पेडल, तीच सवय, आणि तोंड फिरलं नाही.

तुळशीराम गेल्यावर गुरुदत्तने तीन कारणं सांगितली. तुळशीराम छत्तीस वर्षांचा आहे. तो स्वतःची गाडीही चालवतो, त्यामुळे त्याचा डावा पाय जास्त वापरात आहे. आणि एका पडण्यावरून काही ठरत नाही. रमाने तिसरं कारण मान्य केलं. गणितात एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, असं ती म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर त्याला आवडला नाही.

बुधवारी तिने दुपारनंतरची रजा टाकली. जेवणं झाल्यावर ती पाट घेऊन टेबलाखाली बसली, छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांनी जेवढं बसता येतं तेवढं, आणि तिने आपले दोन तळहात पेडलवर ठेवले.

"ठेवा पाय माझ्या हातावर. मोजे घालून. यंत्राला सांगता येत नाही ना कोणता पाय दाबतो ते? मला येईल."

तो नको म्हणाला. आधी तिला लागेल म्हणून, मग हे हास्यास्पद दिसतं म्हणून. दोन्ही वेळा ती हलली नाही. शेवटी त्याने पाय ठेवले. बायकोच्या हातावर पाय देऊन बसायचं म्हणजे पाय दाबायलाच जमेना. पहिले चार प्रयत्न दहा सेकंदांत संपले. पाचव्याला ती खालून ओरडली की मी बाई आहे, काचेचं भांडं नाही, नीट दाबा. सहाव्यापासून तो नीट उडवू लागला. सात पडण्यांनंतर तिचे तळहात लाल झाले होते. तिने सांगितलं की धरून ठेवताना डावा पाय काम करतो आहे, पण तो फार हलत नाही. आणखी सांगण्याइतकं मला अजून कळलेलं नाही. विसाव्या ओळीत एक मिनिट चार सेकंद लिहिले गेले. त्याचा आतापर्यंतचा उच्चांक. तरी त्या रात्री तो नीट जेवला नाही.

गुरुवार, एकविसावा दिवस. रमा शाळेतून चारला आली आणि पदर खोचून थेट टेबलाखाली गेली. चार वाजून सव्वीस मिनिटांनी गुरुदत्तने हेलिकॉप्टर उचललं. तो एक शब्द बोलला नाही. पिवळ्या वर्तुळाच्या कडा काचेतून खाली दिसत होत्या आणि तो त्यांच्याकडे न बघता समोरच्या एका इमारतीच्या गच्चीकडे बघत होता. चढावर गाडी धरणाऱ्याला तो बॉनेट नका बघू, लांब बघा, असं सांगायचा. एक मिनिट गेलं. दीड गेलं. घाम कपाळावरून भुवईत उतरला तरी त्याने पुसला नाही. दोन मिनिटं आणि सात सेकंदांनी त्याने डावी दांडी हळूच खाली घेतली आणि हेलिकॉप्टर वर्तुळाच्या आत, जरा तिरकं, पण उभं बसलं.

त्याने कार्डावर लिहिलं, सही केली आणि खाली वाकून विचारलं, "धरलं ना?"

"धरलं."

"मग?"

रमा टेबलाखालून निघाली नाही. ती म्हणाली, "डावा ठेवलेला होता. पाट्यावर वरवंटा ठेवावा तसा. हलत होता तो उजवा. डाव्याच्या वजनाशी उजवा पाय कमीजास्त करत होता."

"धरलं की नाही?"

"धरलं, म्हटलं ना. पण तुमचं काम धरायचं नाही. तुमचं काम दचकायचं आहे."

हे वाक्य त्याला लागलं, कारण ते खरं होतं. त्याने स्वानंदला पुन्हा फोन लावला आणि असं काही आहे का विचारलं, की इंजिन आपल्याला न सांगता केव्हाही बंद पडेल. स्वानंदने कारण विचारलं नाही. कुठे काय दाबायचं ते सांगितलं आणि आई कशी आहे विचारलं. गुरुदत्त म्हणाला, टेबलाखाली आहे.

साडेपाचपर्यंत इंजिन सात वेळा बंद पडलं. कधी उचलल्याबरोबर, कधी तिसऱ्या मिनिटाला, एकदा तर तो नाक खाजवत असताना. आता लपवायचं काही नसल्यामुळे तो मोकळेपणी उडवत होता, रस्त्यांवरून, नाल्यावरून, आणि जुन्या सवयीने तोंडाने शिकवतही होता. दर वेळी आवाज थांबे, जमीन वर येई आणि पाय खाली जात. रमा दर वेळी मनात नोंद ठेवी. सातव्यानंतर ती बाहेर आली, टेबल धरून उभी राहिली आणि तिने हात वाहत्या नळाखाली धरले.

"डावा पाय पाच वेळा आला. दोनदा आला नाही."

"आला नाही म्हणजे उशिरा आला?"

"आला नाही."

गुरुदत्त कार्डाकडे बघत राहिला. एकवीस ओळी भरल्या होत्या आणि हे लिहायला बाविसावी नव्हती.

 पाच म्हणजे बरेच, असा हिशेब तो त्या संध्याकाळी मनात मांडत होता. बँकेतल्या त्या बाईंना पाचातली वेळ आली असती की दोनातली, असा प्रश्न त्याच्या मागोमाग येत होता. तो चिडला होता, पण कुणावर चिडावं ते ठरत नव्हतं. हेलिकॉप्टरवर चिडून झालं होतं. तुळशीरामच्या पायांवर चिडणं शोभत नव्हतं. रमाचे हात अजून लाल होते.

शुक्रवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना ती दोघं नवीन पनवेलमधल्या दवाखान्यात पोचली. आत जायला पावणेबारा वाजले. डॉक्टर तरुण होत्या, पस्तिशीच्या, आणि मन लावून तपासत होत्या. गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायला लावलं, डोळे मिटून उभं केलं. शेवटी त्यांनी आपला तळहात त्याच्या डाव्या पावलाखाली धरला आणि दाबा म्हणाल्या. त्याने दाबलं. छान, त्या म्हणाल्या, अगदी छान. खुर्चीवर जाऊन त्यांनी पेन उघडलं, कागदावर तारीख घातली, आणि लिहिता लिहिता विचारलं,

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं? पाय वेळेवर येतो?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. कागद अर्धा लिहिलेला होता. तिकडे तुळशीराम अकरा जणांना शिकवत होता, त्यातले किमान चार जण सर केव्हा येणार म्हणून विचारत होते. दोन मिनिटं सात सेकंद धरलं होतं, तेही खोटं नव्हतं. गुरुदत्तने तोंड उघडलं आणि रमाकडे बोट केलं.

"हिला विचारा," तो म्हणाला. "हात हिचे होते."

डॉक्टरांना काही कळलं नाही. रमाने सगळं सांगितलं, खेळ, पेडल, पाट, तळहात. वर्गात सांगते तसं, पायरीपायरीने. डॉक्टर आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. सात वेळांतल्या दोन वेळांपर्यंत आल्यावर रमा क्षणभर अडली.

"ज्या दोन वेळा पाय आला नाही," ती म्हणाली, "त्या दोन्ही वेळा हे बोलत होते. गप्प असताना दर वेळी आला."

गुरुदत्तने तिच्याकडे बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. आपण इथे जे तपासतो त्यात हे दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. दोन कामं एकदम करताना पाय किती वेळात येतो, हे मोजायची सोय मोठ्या रुग्णालयात आहे, मंगळवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळेल. दोनदा म्हणजे योगायोगही असेल, नसेलही. तोपर्यंत मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्यांनी तारीख घातलेला कागद बाजूला ठेवला, फाडला नाही.

परतताना दोघं रिक्षात बसली. रिक्षावाला तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढत होता आणि गुरुदत्तने ते त्याला सांगितलंही नाही.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही किती वेळा एवढंच ऐकलंत. केव्हा ते विचारलं नाहीत."

"तिथेच सांगायचं होतं का?"

"मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल," रमा म्हणाली. "मग मी काहीच बोलणार नव्हते. आणि आयुष्यभर स्वतःवर चिडले असते."

 घरी आल्यावर त्याने जेवण मागितलं आणि जेवताना दोनदा ताट पुढे सरकवलं, पुन्हा ओढलं.

शनिवारी सकाळपासून तो मागच्या खोलीत होता. रमाने टेबलाखाली बसायला नकार दिला. तिला आता जे माहीत आहे ते हातांनी पुन्हा मोजायचं नव्हतं. त्याने एकट्याने हेलिकॉप्टर उचललं आणि शेजारच्या रिकाम्या जागेला मोठ्याने शिकवायला सुरुवात केली. घाबरू नका. लांब बघा. पाय हलका ठेवा, टाच जमिनीला. अहो, बॉनेट नका बघू. बत्तीस सेकंदांत ते पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा बोलू लागला. एकोणचाळीस. एकवीस. एकदा एक मिनिट सोळा, आणि ते कसं जमलं हे कळायच्या आत पुढचं अकरा. तोंड बंद ठेवून त्याने एकदा करून बघितलं. दीड मिनिट सहज गेलं. त्याचा त्याला इतका राग आला की त्याने ते स्वतःच खाली पाडलं.

आतल्या खोलीतून रमाने विचारलं की कुणाशी भांडता आहात.

"शिकवतोय," तो म्हणाला.

तुळशीरामचा पहिला फोन चार वाजून पाच मिनिटांनी आला, दुसरा पाच वाजता. गुरुदत्तने दोन्ही वाजू दिले. सहाला पाच मिनिटं कमी असताना तिसरा आला आणि रमा दारात येऊन उभी राहिली. त्याने उचलला. तुळशीराम काही बोलण्याआधीच त्याने सांगून टाकलं की मंगळवारी साडेनऊला तपासणी आहे, त्याआधी हो किंवा नाही सांगता येणार नाही, आणि हो सांगितलं तर ते खोटंही असू शकतं.

पलीकडे कुठली तरी मोठी गाडी सुरू असल्याचा आवाज येत होता.  मग तुळशीराम म्हणाला, मंगलवारपर्यंत थांबतात का ता इचारून बघतो, सर. लगेच फोन करतो.

सव्वासात वाजेपर्यंत त्याचा फोन आला नव्हता.